मालवण सहलीपूर्वी फिन्सची तपासणी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मालवणच्या सहलीपूर्वी येत्या रविवारी सकाळी ७ वाजता कोल्हापुरातील आपल्या नेहमीच्या जलतरण तलावावर प्रत्येकाचे फिन्स (पोहताना पायात घालायचे चपटे, रुंद पंख) पाण्यात घालून तपासले जातील. सहलीला येणाऱ्यांनी उपस्थित राहणे आवश्यक आहे. ज्यांनी अद्याप खरेदी केलेली नाही, त्यांनी तोपर्यंत थांबावे, ही आग्रहाची विनंती.

१. स्कूबासाठी, म्हणजे टाकीतील हवेवर श्वास घेत पाण्याखाली पोहण्यासाठी, अंगावर टाकी व इतर साहित्य असल्याने, टाचेला पट्टा असलेले रुंद पात्याचे फिन्स घ्यावेत. ते निओप्रीनच्या (मऊ रबरासारख्या कापडाच्या) बुटांवर घालायचे असतात, म्हणून बूट चढवूनच माप पाहावे.

२. टाकीविना, श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांना अनवाणी घालायचे, पूर्ण पाऊल झाकणारे, लांब पात्याचे फिन्स सोयीचे पडतात. मात्र पाते फार ताठ असेल, तर नवशिक्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि किनाऱ्यापासून दूर असताना ही गोष्ट मुळीच किरकोळ नसते.

बोटे दुमडत असतील किंवा टाच निसटत असेल, तर ते फिन्स कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. तलावाच्या ओल्या फरशीवर फिन्स घालून चालू नये. काठावर बसूनच ते चढवावेत.

– चिटणीस