मावशी, तुम्ही आम्हाला कृपेत उभं राहायला शिकवलंत

प्रिय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. गोव्यातल्या सावर्डे-कुडचडे भागातली कितीतरी विश्वासी घरं आमच्यासारख्याच दिवसांतून गेली. त्यांनीही हे वाचावं.

२०१२ साली खाणी बंद झाल्या, खनिज वाहून नेणारा आमचा टिपर दारात उभा राहिला आणि त्याचे हप्ते मात्र चालूच राहिले. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं, जरा सावरलो, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणींचे ८८ लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केले. टिपर विकावा लागला. ह्यांनी उपासनेला येणं सोडलं. त्यातच ओळखीच्या एकानं सांगितलं, "घरात कुठंतरी पाप असेल, नाहीतर देव असा हात काढून घेत नाही." कर्जापेक्षा त्या एका वाक्यानं आम्ही जास्त खचलो.

तुम्ही आलात त्या तांदूळ आणि खारे बांगडे घेऊन. स्वयंपाकघरात ठेवलंत आणि नुसत्या बसून राहिलात. ते पापाचं बोलणं मी सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं." पुढं बँकेतही ह्यांच्यासोबत तुम्हीच गेलात. साहेबासमोर ह्यांना बोलता येईना, तेव्हा तुम्ही बोललात.

मग संध्याकाळी येऊन बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र वाचायला लागलात. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया अशी पांगलेल्या लोकांच्या प्रांतांची नावं तुम्ही सावकाश वाचायचात. ही माणसं देवाची निवडलेली होती आणि तरीही छळात होती, हे तुम्ही आम्हाला दाखवलंत. अग्निपरीक्षेचं नवल वाटून घेऊ नका, असं पेत्र त्यांना लिहितो. संकट आलं म्हणजे कृपा गेली, असं तो कुठंही म्हणत नाही. उलट शेवटी म्हणतो, हीच देवाची खरी कृपा, हिच्यात स्थिर राहा.

आणि हे लिहिणारा कोण? अंगणातल्या शेकोटीपाशी प्रभूला तीनदा नाकारून बाहेर जाऊन रडलेला त्याचाच शिष्य पेत्र! हे तुम्ही बोललात तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा मान वर केली. जो पडला होता, ज्याला प्रभूनं पुन्हा उभं केलं, तोच 'स्थिर राहा' म्हणतो आहे. आपल्या बळावर उभं राहा, असं तो सांगूच शकत नाही. माझ्या मते त्या पत्राचा सगळा जोर इथंच आहे, आणि अडचणीत असलेल्या प्रत्येक भावाबहिणीला हे कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं.

ह्यांना प्रार्थना जमत नव्हती. तुम्ही म्हणालात, "देवाशी भांडा हवं तर, पण त्याच्यासमोरून उठून जाऊ नका." ते खरंच भांडले, मावशी. कित्येक रात्री. 'आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका' हे वचन आधी रागानं म्हणायचे, मग रडत, आणि आता मुलांना पाठ करून घेतात. गेलेला टिपर परत आला नाही. दुसऱ्याची गाडी चालवतात, पगार बेताचाच आहे. पण रविवारी सगळ्यांच्या आधी तयार होतात.

आमच्या गल्लीत एका घरातला कर्ता मुलगा बोटीवरची नोकरी सुटून परतला आहे. आई कुणाशी बोलत नाही. शनिवारी आम्ही दोघं तिथं जाणार आहोत. तांदूळ मी घेते. तुमचा गुडघा बरा असेल तर तुम्हीही चला, हे गाडी घेऊन येतील.

तुमचीच,
सावर्ड्याची भाची