घरट्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, वाचकांनी पाठवलेल्या फोटोंमध्ये नवरंगाचा एक फोटो होता. चोचीत गांडूळ घेऊन पक्षी घरट्याच्या तोंडाशी आलेला. फोटो सुरेखच. खटकली ती खालची ओळ. गौताळा अभयारण्यात कोणत्या वळणापुढच्या नाल्याकाठी हे घरटं आहे, ते तिच्यात सांगून टाकलं होतं.

मी कन्नडचा. काल त्या वाटेनं गेलो, तर नाल्यापाशी चार मोटारसायकली आणि एक जीप उभी. एक जण मोबाइलवर नवरंगाचीच शीळ वाजवत होता. हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून तो बिचारा दर वेळी झुडपातून बाहेर येई, मान ताठ करून बघे, पुन्हा आत जाई. चोचीतला घास तसाच. अर्धा तास मी थांबलो. तेवढ्या वेळात तो एकदाही घरट्याकडे गेला नाही.

दक्षिणेतून, पार श्रीलंकेतून हा मूठभर पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो तो पिल्लं काढायला. काटक्या-पानांचा ओबडधोबड गोळा आणि त्याला बाजूनं तोंड, असं त्याचं घरटं. तेही जमिनीवर, नाहीतर जेमतेम हात पुरेल एवढ्या उंचीवर. नीट दिसावं म्हणून आपण एक फांदी बाजूला सारली, की मुंगसाला आणि कावळ्यालाही ते तेवढंच नीट दिसतं.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पंधराएक वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेतला, त्या उन्हाळ्यात मला रातव्याची अंडी सापडली होती. रातवा घरटं बांधत नाही. पाचोळ्यात उघड्यावर दोन अंडी घालतो आणि अंगाच्या रंगाच्या भरवशावर बसून राहतो. फ्रेममध्ये आडवी येतात म्हणून मी भोवतीची पानं वेचून काढली, चांगली हातभर जागा लख्ख केली. फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथं ती लख्ख जागाच तेवढी उरली होती. रानपाखरांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं 'शिकारी'च्या व्याख्येतच धरलंय, हे मला फार नंतर कळलं. तो फोटो भिंतीवर लावायचं धाडस अजून झालेलं नाही.

घाटातल्या वानरांबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. मारुतीराया म्हणून हात जोडायचे आणि त्याच हातानं वेफर्सचं पाकीट पुढं करून सेल्फी घ्यायचा! झाडपाला पचवणारं पोट आहे ते. आता तर गाडीचा वेग कमी झाला, की माद्या पोटाशी पिल्लं घेऊन रस्त्यावर येतात.

सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरातलं सुमारे 260 चौरस किलोमीटरचं हे जंगल 1986 साली अभयारण्य झालं. आपल्या कोरड्या मुलखात एवढं रान शिल्लक आहे, याचंच अप्रूप. 2021 मध्ये पार यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत इथवर आला, तेव्हा आम्ही कन्नडकर कॉलर ताठ करून फिरत होतो. त्याच्या बसण्याची जागा आपण वळणासकट छापली असती का? मग नवरंगाचीच का?

लोकांनी फोटो काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट काढावेत, वाटेवरून, लांबून, पाखरू आपलं काम करतंय तोवर. आपल्यापुरती विनंती एवढीच, की घरट्याचे, अंड्यांचे फोटो घेऊच नयेत आणि बाकीच्यांखाली नेमकी जागा देऊ नये. फोटो काढताना पाखराला शीळ ऐकवून बोलावलं होतं का, हेही पाठवणाऱ्याला एकदा विचारावं.

सोबत मी काढलेला एक फोटो जोडतोय. भर पावसात फांदीवर भिजत बसलेला मोर आहे. पिसारा-बिसारा काही नाही, नुसता ओलाचिंब. छापावासा वाटला तर खाली 'गौताळा' एवढंच लिहावं.

आपला नियमित वाचक,
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर