इन्स्ट्रुमेंट रूमच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक येतात, निधी देणारे येतात, आणि तुमच्यासारखी माणसं तळाशी 'तांत्रिक कर्मचारी' म्हणून उरकली जातात. मला ते पटत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

हळदीतलं करक्युमिन पेशीच्या पटलात शिरतं तेव्हा तिथल्या लिपिडांचं, म्हणजे पटल ज्यांचं बनतं त्या चरबीसारख्या रेणूंचं, काय होतं, एवढाच माझा प्रश्न. डीपीपीसी या एकाच लिपिडाचं साधं पटल बनवायचं आणि रेणूंची कंपनं मोजायची. मी रामन स्पेक्ट्रोमीटरवर (विखुरलेल्या लेझर प्रकाशातून कंपनं वाचणारं यंत्र) वेळ मागायला आले, तर नमुन्याचा पिवळा रंग बघूनच तुम्ही म्हणालात, "हिरव्या लेझरखाली ही हळदच चमकेल, रामनचे पीक (आलेखातली शिखरं) दिसायचे नाहीत. एफटीआयआर घे." तेव्हापासून मी तुमची 'हळदवाली'.

एफटीआयआर म्हणजे नमुना कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र. त्यावर सगळा कारभार एक-दोन वेव्हनंबरचा (कंपनाच्या वारंवारतेचं माप). लिपिडांच्या शेपट्या ताठ असताना त्यांच्या सीएच-टू गटांचं एक पीक २८५० च्या आसपास असतं. ४१ अंशांपाशी शेपट्या वितळून वाकड्यातिकड्या झाल्या, की ते २८५२-५३ कडे सरकतं. "जानेवारीत बाटलीत गोठलेलं खोबरेल उन्हात ठेवल्यावर सुटतं ना, तसं," हे तुमचंच वाक्य. करक्युमिन घातलं की हे सुटणं आधीच सुरू होतं आणि रेंगाळत होतं. पण हा फरक करक्युमिनचा आहे, मुंबईच्या जुलैचा नाही, हे कोणी सांगायचं?

ते तुम्ही सांगितलंत. हवेतल्या वाफेच्या बारीक रेषा १४०० ते १९०० या पट्ट्यात भरलेल्या असतात, आणि लिपिडाच्या कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचं) पीक १७३५ ला, बरोबर त्यांच्यामध्ये. त्या रेषा मावळेपर्यंत तुम्ही यंत्रात कोरडा नायट्रोजन सोडून ठेवायचात आणि घाईत असलेल्या कोणाचीही भीड धरायचा नाहीत. आतला बीमस्प्लिटर (प्रकाशाचा झोत दुभागणारा भाग) पोटॅशियम ब्रोमाइडचा, दमट हवेत खराब होणारा. ओलावा शोषणारी सिलिका जेल गुलाबी पडली की तुम्ही स्वतः बदलायचात. हे काम कोणत्याही शोधनिबंधात लिहिलं जात नाही. (निदान मी तरी वाचलेलं नाही.)

साध्या पाण्याचं पीक १६४० ला येतं आणि शेजारचं बरंच काही झाकून टाकतं, म्हणून कार्बोनिलसाठी जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) घ्यायला लावलंत. पण जड पाण्याचं स्वतःचं पीक १२१० च्या आसपास, लिपिडाच्या डोक्यातल्या फॉस्फेटच्या अंगावर. मग फॉस्फेटसाठी पुन्हा साधं पाणी. एकाच पटलाचे दोन-दोन संच करायला लागणार म्हणून मी कुरकुरत होते. जड पाण्याची बाटली मात्र तुम्ही उघडी राहू दिली नाहीत. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि १४५० ला नवंच पीक उगवतं.

तापमान अंशाअंशानं चढवत, दर वेळी थांबत नमुना मोजायचा, त्यात संध्याकाळ सरून जायची. रुळांवर पाणी भरायची बातमी आली तरी तुम्ही कुर्ल्याची वाट न धरता बसून राहिलात. मधेच झाकण उघडलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं.

प्रबंधाची प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आहे. वितळण्याचे आलेख तिसऱ्या प्रकरणात आहेत, तेवढे बघाच. नवीन आलेली मुलगी मधमाशीच्या विषातलं मेलिटिन हे छोटं प्रथिन घेऊन काम करणार आहे. त्यातल्या अमाइड बंधांचं पीक १६५० ला, म्हणजे वाफेच्या ऐन गर्दीत. तिला तुमच्याकडेच पाठवलंय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
हळदवाली