पाखाडीवरचं शेवाळ घासून घेणाऱ्या आमच्या गावच्या आशा सेविका ताईंना

प्रिय ताई,

काल लेकीला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे देताना सासूबाई म्हणाल्या, "आशाबायला काय तरी लिव गो. तोंडावर बोलायला गेलं तर ती ऐकूनच घेत नाय." म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या कार्डावर वजन, बीपी, इंजेक्शनं सगळं आहे, पण तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते कुठेच लिहिलेलं नाही.

आईला बाबांचं पथ्यपाणी सोडून निघता येत नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण असून मी सासरीच राहिले. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.९ आलं तेव्हा मी घाबरून रडले होते. तुम्ही विचारलंत, "गोळी कशाबरोबर घेतेस?" मी सांगितलं, चहाबरोबर. चहामुळे गोळीतलं लोह अंगाला लागत नाही, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला लावलीत. शी काळी झाली तर घाबरायचं नाही, हेही आधीच सांगून ठेवलंत. दिवसाला दोन गोळ्या, शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी. नवव्या महिन्यात १०.६ आलं.

पण मला लिहायचंय ते पाखाडीबद्दल, म्हणजे घरापासून वरच्या रस्त्यापर्यंतच्या पायऱ्यांच्या वाटेबद्दल.

जूनच्या शेवटी तुम्ही भर पावसात आलात, छत्री पडवीत टेकवलीत आणि बसायच्या आधी मागे वळून वर बघत राहिलात. आमचं घर खाली खाडीला लागून, रस्ता वर आणि मध्ये जांभ्याच्या बावन्न पायऱ्या. "रात्री कळा आल्या तर हिला वर कोण नेणार?" हे म्हणाले, "मी आहे ना." तुम्ही शांतपणे विचारलंत, "एक ऑगस्टला तू कुठे असशील रे?"

हे एकदम गप्प झाले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून वाडीतले सगळे पुरुष घरी दिसत होते. माझी तारीख होती १२ ऑगस्ट. सदतीस आठवडे भरले की कधीही, असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत होड्या दर्यात जाणार आणि वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि पोरं उरणार. आम्ही जन्मभर समुद्रावर जगणारी माणसं, पण हा हिशोब आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही होडीवर न जाणारे चौघे शोधून आणलेत: माझे दीर, रेशन दुकानातले काका आणि बारावीतली दोन पोरं. हात असलेली खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी बांबू, वर होडीचा दोर करकचून बांधलेला. आधी जाऊबाईंना बसवून वर नेलंत आणि खाली आणलंत. दुसऱ्या वळणावर एकाचा पाय सरकला. तुम्ही तिथेच थांबलात, वाकून बोटाने पायरी खरवडलीत आणि हिरवंगार शेवाळ सगळ्यांना दाखवलंत. मग ब्लीचिंग पावडर आणि खराटा घेऊन यांनी आणि त्या पोरांनी बावन्नच्या बावन्न पायऱ्या घासल्या. पुढे दर आठ दिवसांनी घासत राहिले.

घरात फोनला रेंज नाही, वर पिंपळापाशी मिळते. वर धावायचं काम जाऊबाईंकडे दिलंत. १०२ हा रुग्णवाहिकेचा नंबर आणि खाली दोन गाडीवाल्यांचे नंबर जाड अक्षरात लिहून दाराला चिकटवलेत. पिशवी खुंटीला: कार्ड, आधार, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची उकळून इस्त्री केलेली दुपटी, लंगोट, टोपडं, माझे दोन गाऊन.

४ ऑगस्टच्या रात्री सव्वादोनला माझी पाणमोट फुटली. कळा नव्हत्या. तुम्ही सांगितलेलं आठवलं: कळा नसल्या तरी निघायचं, वेळ बघून ठेवायची, पाण्याचा रंग बघायचा. जाऊबाई बॅटरी घेऊन वर धावल्या. मी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि पायऱ्या मोजत राहिले. एकाचाही पाय सरकला नाही. वर पोचलो तेव्हा गाडी यायची होती, पण तुम्ही पिंपळाखाली उभ्या होतात, पदर डोक्यावर घेऊन, पूर्ण भिजलेल्या.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लेक झाली. २ किलो ७०० ग्रॅम. सासूबाईंनी मधाची बाटली घरी काढून ठेवली होती, पण ती तिथेच राहिली. "पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं काम तुमचं," असं तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतंत. त्यांनी ते इतक्या मनापासून केलं की अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पयलं दूध मी पाजवलं." धुरीच्या बाबतीतही तुम्ही त्यांना मोडता घातला नाहीत. बंद खोलीतला धूर एवढ्याशा छातीला सोसत नाही, एवढंच सांगितलंत आणि शेक कपड्यांना द्यायचा असं ठरवलंत. पावसात लंगोट कधी नीट वाळत नाहीत. आता सासूबाई एकेक लंगोट इस्त्रीने कोरडा करतात, गालाला लावून बघतात आणि मगच नातीला बांधतात. आजीचा मान कुठे कमी झाला नाही, ताई. यासाठी मी तुमची जास्त ऋणी आहे.

हे तिसऱ्या दिवशी आले. लेकीला बघून झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पायऱ्या कोणी घासल्या?" त्या पोरांनी, न सांगता.

तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तुम्ही आलात. वजनाची झोळी, थर्मामीटर, नाळ कोरडी आहे ना ते बघणं, आणि दर वेळी माझ्याकडे वळून, "तू जेवलीस काय गो?" तुमचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो हे मला आता माहीत आहे. शेवाळ बघायला थांबलात त्याचा कुठल्याच यादीत रकाना नसणार.

येत्या मंगळवारी बेचाळिसाव्या दिवसाची भेट. आळिवाची खीर केलेली असेल, या वेळी नाही म्हणू नका. पाऊस अजून सरला नाही, पण पाखाडी सोमवारी घासून ठेवतो. दुसऱ्या वळणावरची एक पायरी हलते आहे, तिथे तेवढं भिंतीला धरून उतरा.

तुमची,
खाडीकाठची बाळंतीण