भरलेल्या ट्रॉलीची पट्टी कुणाला दिसते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्ता सुरक्षेसाठी संस्था एकवटल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. सोबतचा फोटोही बघितला. साखर कारखान्याचे पदाधिकारी, आरटीओचे साहेब, डॉक्टरांची संघटना, वकील मंडळी आणि दोन सेवाभावी क्लबांचे अध्यक्ष एका ट्रॉलीमागे उभे राहून तिच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या फळीला, लाल रेडियमची पट्टी चिकटवताहेत. ट्रॉली धुतलेली आहे, रिकामी आहे, आणि ऊन पडलेलं आहे.

रात्रभर तो फोटो डोळ्यांसमोरून हलला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलो. ही मंडळी एकत्र आली याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्या हेतूवर माझा काडीचाही संशय नाही. पण ऊस भरलेली ट्रॉली यांतल्या कुणी रात्री मागून बघितली आहे का?

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक आहे, कारखान्याचा सभासद आहे. माझा ऊसही याच ट्रॉल्यांतून जातो. ट्रॉली भरताना मोळ्या फाळक्याच्या वर रचत नेतात. मागच्या बाजूला दोन-तीन फूट ऊस बाहेर येतो आणि पाचट, शेंडे खाली लोंबत राहतात. फडातून रस्त्यावर चढेपर्यंत चाकांचा चिखल उडून उरलासुरला भागही माखतो. फाळक्याला दुपारी चिकटवलेली ती लाल पट्टी रात्री उसाखाली गाडलेली असते. पुष्कळ ट्रॉल्यांना तर मागे फाळकाच नसतो. ऊस भरल्यावर वरून बांधायचा, रेडियम शिवलेला कापडी पट्टा हाच याला उपाय. काही कारखाने तो देतातही. पण तो बांधला आहे की सीटखाली गुंडाळून ठेवला आहे, हे रात्री बघायला कुणी नसतं.

2019 च्या जानेवारीतली गोष्ट. माझा पुतण्या इचलकरंजीला मागावर कामाला होता. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. साडेबारा वाजून गेले होते. नदीकाठचं धुकं उतरलं होतं. समोरून रिकामा ट्रॅक्टर आला, बोनेटवर जादा दिवे लावलेले. त्या उजेडाने त्याचे डोळे दिपले. ट्रॅक्टर बाजूने गेला आणि पुढच्याच क्षणी हा उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला.

त्या ट्रॉलीचं टायर फुटलं होतं. गव्हाणीवरचा, म्हणजे कारखान्यात ऊस उतरवायच्या रांगेतला, नंबर जायला नको म्हणून ड्रायव्हर पुढची ट्रॉली घेऊन कारखान्यावर निघून गेला आणि मागची सोडवून रस्त्यातच ठेवली. चाकामागे तीन दगड. त्या दगडांपाशी बाभळीची एक फांदी, हीच खूण. सकाळी मी तिथे गेलो तेव्हा ट्रॉली नेलेली होती. दगड मात्र तिथेच होते. ते मी हाताने उचलून चरीत टाकले. आजही त्या रस्त्याने जाताना कुठे दगड दिसला की गाडी थांबवून बाजूला करतो.

पुतण्याला आधी कुणी हात लावला, तर बीडकडून आलेल्या तोडणी कामगार बाईने. त्यांच्या दोन बैलगाड्या मागून येत होत्या. साडीवर घातलेला सदरा त्या बाईने काढला, फाडला आणि त्याच्या मांडीला करकचून बांधला. त्याआधी दोन चारचाकी गाड्या वेग कमी करून, बघून निघून गेल्या होत्या. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, साक्षीची सक्ती करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजीच स्पष्ट केलं होतं. पुतण्याच्या अपघातानंतर काही महिन्यांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत तसं कलमही आलं. आता तर केंद्राच्या राहवीर योजनेत 25 हजार रुपयांचं बक्षीस आहे. पण तेव्हा त्या गाड्यांतल्या लोकांच्या डोक्यात पोलीस केसची भीती होती, आणि आमच्या गावात विचाराल तर ती आजही आहे. त्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त रक्त बघितलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा तो 24 वर्षांचा होता.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : ‘दुचाकीवरील नियंत्रण सुटल्याने युवक उभ्या ट्रॉलीवर आदळून गंभीर जखमी.’ संपादक महोदय, या ओळीबद्दल मला सात वर्षं बोलायचं आहे. त्याचं नियंत्रण सुटलं नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, ‘‘काका, मला ती दिसलीच नाही ओ. ब्रेकवर पाय जायच्या आधीच झालं.’’ हिशोब साधा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जाते. काही दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद जातो, आणि गाडी थांबायला आणखी तेवढंच अंतर लागतं. धुक्यात, डोळे दिपलेले असताना, मातीच्या रंगाची ट्रॉली दहा मीटरवर आल्यावर दिसत असेल, तर जगातला कुठला चालक ती चुकवेल? तुमच्या वार्ताहरांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘नियंत्रण सुटल्याने’ लिहिण्याआधी ट्रॉलीला पट्टा होता का, दिवा होता का, ती रस्त्यात का सोडली होती, एवढं विचारून घ्या. ज्याचा पाय जातो त्याच्याच माथी दोष लागतो, आणि तो कागदावर कायमचा राहतो. विमा मागायला गेलं की तेच कात्रण पुढे येतं.

आता पुन्हा कालच्या बातमीकडे येतो. संस्था एकत्र आल्या की काय होऊ शकतं, हे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दिसलेलं आहे. 2016 साली त्या रस्त्यावर 151 माणसं गेली होती. सेव्हलाईफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा कंपनी यांनी मिळून तिथे काम सुरू केलं, आणि चार वर्षांत मृत्यू निम्म्याखाली आले. अपघात कुठे आणि कशामुळे झाला हे त्यांनी जागेवर जाऊन तपासलं. कठड्यांची उघडी टोकं झाकली, कडेला बेकायदा उभे राहणारे ट्रक हटवले. आमच्या रस्त्यावर एक्स्प्रेसवेसारखे कठडे नाहीत, पण रात्री कडेला सोडलेल्या ट्रॉल्या आहेत. त्या कुणी मोजल्या?

या कामाला एकच जागा आहे, कारखान्याचा वजनकाटा. हंगामात प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक बैलगाडी काट्यावर येतेच. आरटीओच्या दोन गाड्या संपूर्ण जिल्ह्यात कुठे कुठे फिरणार? काट्यावर मात्र वजनाची पावती घेतल्याशिवाय कुणाचीच सुटका नाही. भरलेल्या ट्रॉलीला पट्टा बांधलेला नसेल तर नंबर मागे, एवढा नियम कारखान्याने केला की आठ दिवसांत सगळे पट्टे सीटखालून बाहेर येतील. नंबर मागे पडण्याइतकं ड्रायव्हरला दुसरं काही लागत नाही. माझ्या पुतण्याच्या बाबतीत तो नंबरासाठीच ट्रॉली सोडून गेला होता. आणि टायर फुटलं म्हणून ट्रॉली मागे ठेवावी लागली, तर नंबर राखून ठेवायची सोयही कारखान्यानेच करावी. म्हणजे कुणी घाई करणार नाही.

खर्चाचं कारण मला पटत नाही. आमच्या बिलातून कितीतरी कपाती होतात. टनामागे एक रुपया पट्ट्यांसाठी कापा. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात त्याचे पाच लाख रुपये होतात. सभासदांच्या सभेत हा ठराव मी स्वतः मांडायला तयार आहे.

आमच्या शेतकरी संघटनांनाही एक सांगणं आहे, कारण कालच्या फोटोत तुम्ही नव्हता. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मी वर्षानुवर्षं येतो. दरासाठी रात्र-रात्र जागून आपण ट्रॉल्या अडवतो, आणि आपण अडवली की ट्रॉली थांबते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. हंगामात एक रात्र रेडियमसाठी अडवा. टायरची हवा सोडू नका, फक्त पट्टा बांधून पुढे पाठवा. तुमचं ड्रायव्हर जेवढं ऐकतील तेवढं आरटीओचं ऐकणार नाहीत.

डॉक्टरांच्या संघटनेला विनंती अशी की, हॉलमधल्या भाषणापेक्षा ऊसतोड टोळ्यांच्या खोपींवर या. रक्त कसं थांबवायचं, जखमीला कसं उचलायचं, कसं उचलायचं नाही, हे त्या माणसांना दाखवा. अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचणारी तीच असतात, कारण पहाटे तीनला रस्त्यावर तीच असतात. त्यांच्या बैलगाड्यांनाही मागून येणारी वाहनं धडकतात. त्यात माणसं जातात, बैल जातात, आणि ती बातमी बीडला पोचते तेव्हा इथल्या गावातल्या कुणाला नावही माहीत नसतं. गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला एक पट्टा आणि बैलांच्या शिंगांना रेडियमचं एकेक वेटोळं, याला किती वेळ लागतो?

जाता जाता आणखी एक. ट्रॅक्टरवरचे ते मोठे टेप या सगळ्या संस्थांनी मिळून बंद करावेत. मागून हॉर्न वाजवून वाजवून माणूस थकतो, ड्रायव्हरला काहीच ऐकू जात नाही. ओव्हरटेक करावा तर समोर वळण. गेल्या आठवड्यात नातीला शाळेत सोडताना सुमारे दोन किलोमीटर मी असाच मागे राहिलो.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. एवढा आकडा माझ्या डोक्यात मावत नाही. आमच्या रस्त्यावरची ती एक जागा मावते.

पुतण्याने आता घरीच शिलाई मशीन घेतलं आहे, कृत्रिम पाय लावून तो चालवतो. गेल्या महिन्यात त्याने आणि त्याच्या आईने मिळून जाड लाल कापडावर रेडियम शिवून चाळीस पट्टे केले आहेत. चारही कोपऱ्यांना बांधायला नाड्या आहेत. काल फोटोत असलेल्या मंडळींनी कारखान्याशी बोलून काट्याजवळ रात्री आठ ते बारा एक टेबल मांडायची परवानगी मिळवून द्यावी. पट्टे घेऊन आम्ही दोघे येऊ, बांधूनही देऊ. कधी यायचं ते तुमच्या वर्तमानपत्रातून कळवलंत तरी चालेल.

कळावे,
आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर