बाईंच्या विद्यार्थिनीला, व्हिएन्नाला

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन व्हिएन्नाला निघतेय. आभार परत आल्यावर मानतात, पण मला ते आत्ताच मानायचेत, आणि चार लोकांसमोर मानायचेत.

मी तुमच्याकडे प्रेक्षणीय स्थळांची यादी मागितली होती. तुम्ही उलट विचारलंत, "बाईंना काय बघायचंय?" आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "ब्रूगेल." शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माझ्या आईने हा चित्रकार फक्त पुस्तकांतल्या तळहाताएवढ्या छापील चित्रांतून पाहिलाय. तुम्ही तर तिच्याच वर्गात बसलेल्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नकोच.

मग सगळा बेत तुम्ही त्या एका शब्दाभोवती बांधलात. ब्रूगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथल्या कुन्स्टहिस्टॉरिशेस म्युझियममध्ये आहे. १५६५ साली त्याने रंगवलेल्या ऋतूंच्या मालिकेतली पाच चित्रं आज उरली आहेत आणि त्यांतली तीन तिथेच आहेत. बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र सगळेच बघतात. तुम्ही मात्र बजावलंत की शरदातलं, गुरं घराकडे परततानाचं चित्र बाईंना निवांत बघू द्या. निष्पर्ण झाडं, भरून आलेलं काळं आभाळ, गुरांच्या मागून काठ्या घेऊन चालणारे गुराखी. बाहेर तोच ऋतू असताना ते बघायचं! गुरुवारी म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून गुरुवारची संध्याकाळ. एवढा विचार आमच्यासाठी दुसऱ्या कुणी केला नसता.

उजेडाचं गणितही तुम्हीच समजावलंत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनची घड्याळं दोनवर आणतात, भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचारवर जातो आणि त्या दिवसापासून पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून शॉनब्रुन राजवाड्याची बाग सकाळी आणि छपराखालचं सगळं नंतर. आईच्या बीपीच्या गोळीची वेळ त्या रविवारी कशी सांभाळायची, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवायची आठवणही तुमचीच. रविवारी आणि २६ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीला दुकानं बंद, तेव्हा दूध-दही आदल्या दिवशीच आणायचं, हेही लिहून घेतलंय.

व्हिसाचे कागद, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, ते सगळं वेळेत झालं.

कपड्यांबद्दल मात्र तुमचे विशेष आभार. "बाईंना साडीच नेसू द्या" असं तुम्ही म्हणालात तेव्हा आईचा चेहरा खुलला. इथे जो तो तिला पँट घ्यायला सांगत होता. तुम्ही साडीखाली थर्मल, लोकरीचे मोजे, वर स्वेटर आणि त्यावर पाऊस अडवणारं हलकं जाकीट असे थर सुचवलेत, कारण बाहेर सकाळी सात-आठ अंश आणि आत हीटर चालू. ओल्या पानांवरून पाय घसरतो म्हणून चांगल्या पकडीचे बूट. ते घालून आई रोज सोसायटीत फेऱ्या मारतेय. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं प्या, ते १८७३ पासून आल्प्समधून येतंय, हे ऐकून तर तिला फार बरं वाटलं. भोपळ्याचं सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारायचं वाक्य तिने पाठ केलंय.

दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून पेढे नाहीत. थालीपिठाची भाजणी आणि नाशिकचा चिवडा तुमच्यासाठी बांधून ठेवलाय.

गुरुवारी तुम्हाला कामावरून लवकर निघता आलं तर थेट त्या दालनातच या. चित्र तुमच्याकडून समजून घ्यायचंय, असा आईचा खास निरोप आहे.

तुमची,
बाईंची लेक