चि. बापूस, किराण्याच्या हिशोबाविषयी

चि. बापूस अनेक शुभाशीर्वाद.

तू पुण्याहून मोबाइलवरून मागवलेला महिन्याचा किराणा काल आर्वीच्या गाडीवाल्याने घरी आणून दिला. पंधरा लिटरचा तेलाचा डबा, साखर, चहा, साबण आणि तूरडाळ, असे सारे सामान व्यवस्थित मिळाले. किराणा गावातल्या दुकानाऐवजी असा मोबाइलवरून मागवावा का, यावरूनच दिवाळीत आपल्या दोघांत शब्दाला शब्द वाढला होता, त्यामुळे हे सामान म्हणजे तुझे उत्तर आहे की माझी समजूत घालणे आहे, हे मला नीट कळले नाही. तुझी आई म्हणते की लेकाने प्रेमाने पाठवले आहे, ते ठेवून घ्यावे. ठेवून घेतले आहे. परंतु पुढच्या महिन्यात पाठवू नकोस. फोनवर बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून त्याचे कारण लिहून कळवतो.

तू आईजवळ ठेवून गेलेला हिशोबाचा कागद मी पुन्हा वाचला. हिशोब बरोबर आहे. गावातल्या दुकानात आपण महिन्याला ६४० रुपये जास्त देतो, म्हणजे वर्षाचे ७,६८० झाले आणि तेवढ्यात कपाशीच्या बियाण्याच्या आठ पिशव्या येतात. हे मला दिसत नाही असे समजू नकोस.

परंतु पाराजवळच्या दुकानात सायंकाळी कोण येते, ते त्या कागदावर नाही. वेचणीहून परतलेल्या बाया तिथून दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती आणि पावभर साखर नेतात. त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी हाती पडते, तोवर ते सारे वहीत लिहिले जाते. ही वही कशाच्या बळावर चालते, याचा तू कधी विचार केला आहेस का? आपल्यासारखी काही घरे महिन्याचे सामान रोखीने नेतात, त्या रोखीतून दुकानवाले काका आर्वीच्या ठोक व्यापाऱ्याचे देणे भागवतात, आणि व्यापारी पुढचा माल देतो म्हणून त्यांना बायांना उधार देता येते. नगदी गिऱ्हाईक स्वस्ताईसाठी शहराकडे वळले, तर दुकानात नुसती उधारी उरेल आणि ते दुकान दोन हंगामसुद्धा टिकणार नाही. दुकान बंद झाले तर आपले काही अडणार नाही, कारण आपल्याकडे मोटारसायकल आहे आणि पैसे पाठवणारा मुलगा आहे. अडेल ते त्या बायांचे, कारण पावभर साखरेसाठी आर्वीला जायचे तर साखरेपेक्षा भाडेच जास्त होईल. आपले जास्तीचे ६४० रुपये या कामी येतात, आणि म्हणून ते वाया जातात असे मला वाटत नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा आपलेही नाव त्या वहीत होते. घरचा किराणा पार होळीपर्यंत उधारीवर आला, आणि म्हणूनच अमरावतीला तुझी कॉलेजची फी वेळेवर भरता आली. दुकानवाल्या काकांनी त्या काळात एकदाही दारात येऊन पैशाचा विषय काढला नाही. आता तू एवढ्या मोठ्या शहरात राहतोस, तेव्हा रात्री कधी कधी मला वाटते की तिथे तुझे नाव कोणाच्या वहीत लिहिले जाईल? एखाद्या महिन्यात पगार झाला नाही, तर तुला ओळखून सामान देणारे कोण आहे? असो, हे पत्र त्याविषयी नाही.

यावर तू म्हणशील की बाबा, मग हाही मतलबाचाच हिशोब झाला, अडचणीत उपयोगी पडला म्हणून त्याच्याकडून घ्यायचे. तसे नाही, बापू. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असे ठरले. पुढे ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव जास्त असे, त्या वर्षी रात्रीतून सीमेपलीकडे कापूस जाई आणि दोन दिवसांत रोख पैसे हातात येत. तुझ्या आजोबांनी शेवटपर्यंत केंद्रावरच कापूस घातला. चुकारा उशिरा मिळे, आणि एका वर्षी तर मोठ्या आत्याचे लग्न तोंडावर आलेले असताना मिळाला नाही. आजीच्या पाटल्या तेव्हाच गेल्या. योजना शेतकऱ्यांसाठी आहे, ती शेतकऱ्यांनीच मोडायची का, एवढेच ते विचारत. त्यांना त्यातून काय मिळाले, हे मला रुपयांत सांगता येणार नाही, पण त्यांचा मुलगा म्हणून बाजारात उभे राहताना माझी मान कधी खाली गेली नाही.

आणि जवळचे ते सगळे चांगले, असेही माझे म्हणणे नाही. घरापासून अगदी जवळच्या एका कृषी केंद्रात युरिया मागितला की नको असलेले औषध सोबत घ्यावेच लागे. तिथे भाव थोडा कमी असूनही मी जाणे सोडले आणि आता खतासाठी लांब जातो. कोणाचे काय चालते आणि कोण कसा वागतो, हे पाहूनच पैसा द्यावा, असे मला वाटते.

आपल्याच जिल्ह्यात हा विचार फार बारकाईने झालेला आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालले. ते काम सांभाळणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा सांगत की बाजारातल्या प्रत्येक वस्तूला नैतिक मूल्यही असते, आणि ती कशी व कोणाच्या कष्टातून तयार झाली याची चौकशी करणे घेणाऱ्याचे काम आहे. त्याच मगनवाडीत तेलाची बैलघाणी सुधारली गेली आणि ती वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. तू पाठवलेल्या डब्यावर पामतेल लिहिले आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून. आपल्या घरी जवसाच्या तेलावर तीन पिढ्या वाढल्या. घाणीचे तेल महाग आहे हे खरे, पण त्यातला पैसा जवस पेरणाऱ्याकडे, घाणीवाल्याकडे आणि गुरांच्या ढेपेच्या रूपाने आपल्याच गोठ्यात फिरतो. आणि तूरडाळ तर घरची असताना तू विकत कशी पाठवलीस, याचे तुझ्या आईला फारच लागले आहे. तिने ते तुला सांगितले नाही, म्हणून मी सांगतो.

सूनबाई सांगत होती की तिथे तुम्ही कोथिंबीरसुद्धा मोबाइलवरून मागवता आणि दहा मिनिटांत मुलगा घेऊन येतो. त्या मुलाला एका फेरीचे किती मिळतात, पावसात तो घसरून पडला तर त्याचे कोण पाहते, हे एकदा त्याला उभे करून विचार. तुमच्या इमारतीखाली भाजीवाली बसते, तिच्याकडून घे. तिचे नाव विचार, तिला तुमचे नाव कळू दे. माणसाची ओळख अशीच होते आणि ओळख असली की अडल्यावेळी माणूस एकटा पडत नाही.

हे व्याख्यान झाले, त्याबद्दल मला माफ कर. तू कमावता आहेस, स्वतःच्या बळावर पुण्यात संसार उभा केलास, गावातल्या मुलांना मी तुझेच उदाहरण देतो. तुझ्या संसारात तू कुठून काय घ्यावेस, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे आहे. इथले मात्र आम्हाला ठरवू दे.

मी विचारणार नव्हतो, पण विचारतो. तुमच्या ऑफिसातून माणसे कमी करत आहेत, असे सूनबाई तुझ्या आईजवळ बोलली. तुझे नाव त्यात आहे का? दिवाळीत तू रुपया-रुपया मांडत होतास, ते यामुळेच होते का? असेल तर आईपासून लपव, माझ्यापासून लपवू नकोस. भाव नाही म्हणून कापसाची पहिली वेचणी घरातच ठेवली आहे, ती केव्हाही विकता येईल, आणि जानेवारीत तूर निघेल. घरभाडे किती, फ्लॅटच्या बुकिंगचे किती राहिले आणि सूनबाईच्या पगारात किती भागते, ते सारे आकडे स्पष्ट लिहून पाठव. आमच्या किराण्याचे पैसे तोवर तुझ्याजवळच ठेव.

तुझे,
बाबा